सिनेमॅटोग्राफी शिकताना कोल्हापूरची मुलं विचारतात ते प्रश्न

दिवाळी झाली की माझ्याकडे सिनेमॅटोग्राफी, म्हणजे सिनेमाचं छायाचित्रण, शिकायला नवी मुलं येतात. कुणी कागलहून एसटीने, कुणी गडहिंग्लजहून, कुणी इथलीच शिवाजी पेठेतली. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते मनापासून विचारलेले असतात. गेल्या काही वर्षांत मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे मुलं जास्त अडतात तिथे मी जास्त लिहिलं आहे.

सर, आधी कॅमेरा कुठला घेऊ?

आत्ता कुठलाच घेऊ नका. खिशातल्या फोनवर सहा महिने काम करा. फक्त त्यातलं आपोआप चालणारं सगळं बंद करायला शिका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट मिळतं, आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे ते), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाशी जुळवून घेणं) आणि फोकस हे चारही आपल्या हातात येतात. फोनचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, मात्र बहुधा कायम एकच असतं, ते बदलता येत नाही. ती उणीव लक्षात ठेवूनच फोन वापरायचा.

पुढे कॅमेरा घ्यायची वेळ आली तर जुना, एकाच मालकाने वापरलेला, लेन्स बदलता येणारा घ्या. वाचलेले पैसे एका चांगल्या तिवईवर आणि एका एनडी फिल्टरवर (उजेड अडवणाऱ्या काळ्या काचेवर) घाला. घेण्याआधी तोच कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणून बघा. वडिलांनी उसाच्या बिलातून दिलेले पैसे चुकीच्या कॅमेऱ्यात अडकलेले मी पाहिले आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

एक्स्पोजर म्हणजे नक्की काय?

सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर) किती उजेड पोचू द्यायचा, हा निर्णय म्हणजे एक्स्पोजर. मी ‘निर्णय’ हा शब्द मुद्दाम वापरतो. कॅमेरा उजेड मोजतो, पण त्या चेहऱ्यावर किती उजेड असायला हवा हे त्याला माहीत नसतं. ते तुम्ही ठरवायचं.

हिशेबाचं एकक आहे स्टॉप. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप कमी झाला. ॲपर्चरची माळ पाठ करा: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. यात एक घर पुढे गेलं की उजेड निम्मा होतो. आकडा वाढतो तसं भोक लहान होतं, हे सुरुवातीला उलटं वाटतं. पण एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) भोकाच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर. भोक लहान, तर उत्तर मोठं. एवढं कळलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

आयएसओ १०० वरून २०० केला की एक स्टॉप वाढतो. शटर १/५० वरून १/१०० केलं की एक स्टॉप कमी होतो. या तिन्हींची किंमत वेगवेगळी मोजावी लागते. ॲपर्चर उघडलं की फोकसमधला पट्टा अरुंद होतो. शटर बदललं की हालचालीचा पोत बदलतो. आयएसओ चढवला की अंधाऱ्या भागात दाणे येतात.

आता फोटो आणि सिनेमा यांतला फरक बघा. फोटो काढताना तिन्ही गोष्टी मोकळ्या असतात. सिनेमात शटर जवळजवळ बांधलेलं असतं आणि आयएसओ आपण शक्यतो कॅमेऱ्याच्या मूळ आकड्यावर ठेवतो. उरतं ॲपर्चर, आणि उरतो खुद्द उजेड. म्हणून सिनेमॅटोग्राफरचा निम्मा दिवस उजेड अडवण्यात, वळवण्यात आणि वाढवण्यात जातो. बटणं फिरवायला फारसा वेळ लागत नाही.

शटर १/५० च का ठेवायचं?

फिल्मच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक गोल चकती फिरायची. ती साधारण अर्धी उघडी, अर्धी बंद, म्हणजे १८० अंश उघडी. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड मिळायचा. त्या वेळात हललेला हात किंचित पुसट उमटतो आणि ती पुसट कडा आपल्या डोळ्यांना शंभर वर्षं सवयीची आहे. शटर १/५०० वर नेलं की प्रत्येक फ्रेम धारदार येते आणि चालणारा माणूस तुटक-तुटक चालल्यासारखा दिसतो. मारामारीच्या प्रसंगात कुणी तसं जाणूनबुजून करतं, पण ते जाणूनबुजून असावं.

दुसरं कारण अगदी घरातलं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाईट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० शटर त्याच्याशी जुळतं. १/६० जुळत नाही, आणि फोन ३० फ्रेमवर सोडला की तो बऱ्याचदा नेमका १/६० पकडतो. मग हॉलमधल्या भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. ते पट्टे नंतर काढणं महाकठीण. २५ फ्रेम, १/५० एवढं ठरवून टाका, निम्मी डोकेदुखी जाते.

भर दुपारी शूट केलं की सगळं पांढरंफटक येतं. काय करू?

कागदावर हिशेब करू. स्वच्छ उन्हासाठी जुना ठोकताळा आहे: एफ १६ ठेवा आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ १६. आपलं शटर १/५० ला बांधलेलं, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड आला, तर ॲपर्चर एफ २२ हवं. पण तुम्हाला चेहऱ्यामागचा रंकाळा मऊ हवाय, म्हणजे एफ २.८ हवंय. २२ पासून २.८ पर्यंत घरं मोजा: १६, ११, ८, ५.६, ४, २.८. सहा स्टॉप. तेवढा उजेड अडवणारी काळी काच म्हणजे ६४ पटीची एनडी, तिच्यावर कधी १.८ असंही लिहिलेलं असतं. ०.३ म्हणजे एक स्टॉप, हे ध्यानात ठेवलं की कुठलीही एनडी वाचता येते.

फोनचं ॲपर्चर तर उघडंच असतं, त्यामुळे उन्हात तो शटर १/४००० च्या आसपास नेतो. तुमचे दुपारचे शॉट टीव्हीवरच्या बातम्यांसारखे खडखडीत का दिसतात, त्याचं उत्तर हे आहे. फोनसाठी क्लिपवर बसणाऱ्या एनडी मिळतात, त्या घ्या.

आणि जमलं तर दुपारी शूटच करू नका. कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. अशा वेळी माणसाला आंब्याखाली किंवा पडवीच्या कडेला आणा. तिथे आकाशाचा मऊ उजेड समोरून मिळतो.

स्क्रीनवर मस्त दिसत होतं, घरी संगणकावर बघितलं तर काळंकुट्ट. असं का होतं?

माझ्या पहिल्या लघुपटात हेच झालं. जुन्या घराचा सोपा, संध्याकाळची वेळ, आजी निवडायला घेऊन बसलेली. अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन मी पूर्ण उजळ केली होती आणि आजीचा चेहरा मला सुरेख दिसत होता. सगळा प्रसंग तसाच टिपला. रात्री बघितलं तर दोन स्टॉप कमी. उजळवायला गेलो तर गालांवर दाणे आणि लुगड्याच्या काठाचा हिरवा रंग मेलेला. त्या आजी पुन्हा बसू शकल्या नाहीत, पावसाळा लागला आणि आजारपण आलं. तो प्रसंग मी तसाच ठेवला. तो बघताना अजून घशाशी येतं.

तेव्हापासून मी स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही. स्क्रीन कशी दिसते हे तिच्या उजळपणावर आणि तुमच्या भोवतालच्या अंधारावर ठरतं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडा, त्यातला डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तर काळ्या भागातला तपशील गेला, उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पांढरा गेला. झीब्रा लावा, ठरलेल्या पातळीच्या वर गेलेल्या भागावर रेघा येतात. फॉल्स कलर असेल तर सोन्याहून पिवळं, चेहरा नेमका कुठल्या पातळीवर आहे ते रंगावरून कळतं. आणि स्क्रीनचा उजळपणा एकदा मध्यावर ठेवून पुन्हा हलवू नका.

चेहरा धरायचा की मागचं आकाश? दोन्ही नीट येतच नाही.

येणार नाहीच. पण ही अडचण गुऱ्हाळात जितकी नीट कळते तितकी वर्गात कळत नाही, म्हणून हंगामात मी मुलांना गुऱ्हाळघरात घेऊन जातो.

आत काहिलीत रस उकळत असतो. वर मळी येते, गुळव्या ती काढत असतो. खाली चुलवाणात जळव्या चिपाड सारतो, तेवढ्यापुरती आगीची जीभ बाहेर येते आणि त्याचे हात तांबडे होतात. वर वाफ. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप त्या वाफेत उतरते. दारातून बाहेर बघितलं तर अंगणात उन्हात चिपाड वाळत घातलेलं, डोळ्यांवर येणारं.

एका वर्षी आम्ही तिथे मोजलं. गुळव्याच्या चेहऱ्यासाठी आयएसओ ८००, १/५०, एफ २.८. बाहेरच्या अंगणासाठी त्याच आयएसओला आणि शटरला एफ ६४ लागलं असतं. मोजा, नऊ स्टॉपांचा फरक. आपले डोळे तो सांभाळतात, कारण बाहुली सतत जुळवून घेते आणि मेंदू जोडून देतो. कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये एकच निर्णय घ्यावा लागतो.

एका मुलाने कॅमेरा ऑटोवर ठेवून गुळव्याला दाराच्या चौकटीत धरलं. कॅमेऱ्याने अंगण सांभाळलं, माणूस काळा केला. शॉट दाखवल्यावर ते मामा शांतपणे म्हणाले, “आमचं त्वांडच दिसत न्हाई की रं ह्यात.” त्या मुलाने मग जे केलं ते मला फार आवडलं. त्याने उत्तर दिलं नाही. कॅमेरा उचलून दाराकडे पाठ केली, अंगणातला उजेड मामांच्या चेहऱ्यावर समोरून येऊ दिला, मागे गुऱ्हाळाचा अंधार घेतला. जागा बदलली आणि नऊ स्टॉपांचा प्रश्नच उरला नाही.

वाफ दाखवायची असेल तर मात्र उलट उभे राहा. वाफ, धूर, धूळ, पाऊस हे सगळं मागून उजेड पडला आणि त्यामागे अंधार असला की उठून दिसतं. समोरून उजेड टाकलात की वाफ फिकी पडते. तेव्हा कशासाठी शॉट घेतोय हे आधी ठरवा: माणसासाठी की वाफेसाठी.

सावळ्या रंगाचा चेहरा गोरा येतो किंवा राखाडी येतो. कसं सांभाळायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी पुढे बसवतो, कारण त्याने बघायला सुरुवात केलेली असते.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी समजतं, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारं. पांढरं धोतर-सदरा घातलेला शेतकरी फ्रेमभर असेल तर मीटर म्हणतं “उजेड फार”, आणि सगळं खाली ओढतं. धोतर राखाडी होतं, चेहरा काळवंडतो. उलट काळी घोंगडी पांघरलेला धनगर असेल तर मीटर सगळं वर ढकलतं आणि त्याचा तांबूस काळा रंग उडून जातो.

उपाय जुना आहे: वस्तूकडे न बघता वस्तूवर पडणारा उजेड मोजा. पांढऱ्या गोळ्याचं लाईट मीटर चेहऱ्याजवळ धरून मोजतात ते यासाठीच. ते नसेल तर राखाडी कार्ड चेहऱ्याच्या जागी धरा, त्याच्यावर एक्स्पोजर ठरवा, लॉक करा आणि कार्ड काढून घ्या. मग गोरा गोरा येतो, सावळा सावळा येतो. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या, साध्या रंगाच्या सेटिंगमध्ये, पूर्ण काळं ० आणि पूर्ण पांढरं १०० टक्के धरून, मी गव्हाळ चेहऱ्याची उजेडाची बाजू ५५–६० टक्क्यांच्या आसपास ठेवतो, सावळ्याची ४०–५०. हे माझे आकडे, तुमच्या डोळ्यांनी पारखून घ्या. सावळ्या त्वचेवर मोठ्या, मऊ उजेडाची एखादी झळाळी गालावर आली की चेहऱ्याचा आकार जिवंत होतो, तिथे एक्स्पोजर वाढवण्याची गरजच पडत नाही.

आपल्या माणसांचे रंग उडवू नका. नंतरच्या रंगसंस्कारात, म्हणजे संगणकावर रंग जुळवतानासुद्धा नाही.

उजेडाची दिशा कशी शिकायची?

अंबाबाईच्या किरणोत्सवाला जाऊन उभे राहा. कॅमेरा नेऊ नका, फक्त बघा. देवीचं मुख पश्चिमेकडे आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात, आणि वाटेत ढग किंवा अडथळा नसेल तर पायांपासून वर चढत जातात. तारखा दोनदाच का? कारण सूर्याचं दक्षिणायन २१-२२ डिसेंबरला संपतं. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे ४२ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी सुमारे ४२ दिवस नंतर. दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो.

ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना उजेड कुठल्या दिवशी, कुठल्या उंचीवरून, कुठवर जाईल हे ठाऊक होतं. आपण लोकेशन बघायला जातो तेव्हा एवढंच करायचं असतं. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, तीन वेळा जा आणि सावली कुठे पडते ते वहीत काढा.

लाईट घ्यायला पैसे नाहीत. मग शिकणार कसं?

दार, खिडकी, पांढरं थर्माकोल आणि काळं कापड. एवढ्यावर वर्षभर शिकता येतं. मोठ्या सेटवरसुद्धा थर्माकोल वापरतात आणि काळं कापड तिथे ‘कटर’ म्हणून ओळखलं जातं.

घराच्या सोप्यात कुणाला तरी दारापासून दोन फुटांवर बसवा. कॅमेरा दाराशी काटकोनात. आता चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारी. अंधाऱ्या बाजूला थर्माकोल धरा, हळूहळू जवळ आणा, सावली कशी उघडते ते बघा. मग थर्माकोल काढून काळं कापड धरा. सावली आणखी गडद होते, कारण भिंतीवरून येणारा उजेडही तुटला. बऱ्याच मुलांना हे दुसरं जास्त आवडतं. उजेड कमी करणं हेही प्रकाशयोजनाच आहे, हे पहिल्यांदा तिथे कळतं.

छोटा एलईडी असेल तर त्यावर बटर पेपर लावा आणि अंतराचा नियम करून बघा: एक मीटरवरचा दिवा दोन मीटरवर नेला की उजेड पावपट होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. दिवा जवळ असेल तर चेहरा उजळ आणि मागची भिंत पटकन अंधारी. दूर नेला तर चेहरा आणि भिंत यांच्यातला फरक कमी. मोठ्या खिडकीजवळ हा नियम इतका काटेकोर चालत नाही, उजेड हळू उतरतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर काय बिघडतं?

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर एकदा ऑटोवर शूट करा, मग कळेल. सासनकाठ्या नाचत येतात, “चांगभलं” होतं आणि हवेत गुलाल. सगळी फ्रेम गुलाबी झाली की ऑटोला वाटतं रंग चुकला, तो गुलाबी मारायला हिरवट झाक घालतो. गुलाल विझतो आणि माणसं आजारी दिसतात. उन्हाला ५६०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक), पिवळ्या जुन्या बल्बला ३२००, एवढं हाताने ठेवा आणि शॉट संपेपर्यंत हलवू नका.

तिथे लेन्स मात्र बदलू नका. गुलाल सेन्सरवर गेला की काढता काढता महिना जातो. एकच लेन्स लावून वर जा, कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा.

कुठली लेन्स आधी शिकू?

एकच, ५० किंवा ३५ मिलिमीटरची. एपीएस-सी (पूर्ण आकारापेक्षा लहान) सेन्सर असेल तर ३५ ची चौकट पूर्ण सेन्सरवरच्या सुमारे ५० सारखी दिसते, कारण १.५ ने गुणायचं. झूम असेल तर आकडा टेपने चिकटवून टाका. पुढे-मागे पायांनी जा. चेहऱ्याच्या जवळ २४ नेली की नाक मोठं दिसतं, पण तो दोष जवळ गेल्याचा असतो, लेन्सचा नसतो. हे पायांनी हिंडल्याशिवाय पटत नाही.

गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) घेऊ का? हातात कॅमेरा हलतो.

आधी तिवई. तिच्यावर शंभर पॅन करा, म्हणजे जागेवरूनच कॅमेरा आडवा फिरवा. पॅन करताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सात सेकंद लागतील एवढा वेग ठेवा, त्याहून जोरात गेलात की २४-२५ फ्रेमवर चित्र थरथरतं. सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा, संकलन करणारा तुम्हाला दुवा देईल.

कॅमेरा कुठे ठेवायचा हे शिकायला कुस्तीसारखी दुसरी जागा नाही. खासबाग मैदानात दोन पैलवान एकमेकांभोवती फिरतात. त्या दोघांमध्ये एक अदृश्य रेषा ओढा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर डावा डावीकडे राहतो, उजवा उजवीकडे. रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूने शॉट घेतला आणि तो जोडला, तर बघणाऱ्याला कळतच नाही कुणी कुणाला धरलं. अडचण अशी की पैलवान स्वतः फिरतात, म्हणजे रेषाही फिरते. म्हणून मी मुलांना दोन गोष्टी सांगतो. एक, दोघांच्या लांगांचा रंग आधी एका जवळच्या शॉटमध्ये दाखवून ठेवा. दोन, मागे कुठली तरी कायमची खूण, एखादा कोपरा किंवा पंचांचं टेबल, दर थोड्या वेळाने फ्रेममध्ये येऊ द्या. आणि आत तालमीत गेलात तर वस्तादांना विचारल्याशिवाय हौद्यात पाऊल ठेवू नका. ती माती त्यांच्यासाठी देवघर आहे.

स्लो मोशन अंधारं का येतं?

१०० फ्रेमला शटर १/२०० होतं, २५ फ्रेमच्या मानाने दोन स्टॉप उजेड गेला. शिवाय तालमीतल्या ट्यूबखाली १/२०० वर चित्र लुकलुकतं. लाल माती उडतानाचा शॉट हवा असेल तर दारातून ऊन येतं त्या वेळी घ्या.

कार्ड किती घ्यावं?

सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड करत असाल तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला सुमारे ४५ जीबी. एक मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या, व्ही३० (ही वेगाची खूण) लिहिलेली. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, कितीही घाई असली तरी.

कोल्हापुरात राहून हे शिकता येईल, की पुण्या-मुंबईलाच जावं लागेल?

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. त्याच्या बाजूने रोज जाता ना? बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला. त्यांच्याकडे विकत आणायला पैसे नव्हते आणि शिकवायला कुणी नव्हतं. ते आधी चित्रकार आणि शिल्पकार होते, नाटकांचे पडदे रंगवत होते, म्हणजे उजेड आणि सावली आधी कुंचल्याने शिकले होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. त्यांनी १९२९ साली इथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि त्याच प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेली सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था आज एफटीआयआय म्हणून ओळखली जाते. तुम्ही जिथे प्रवेश मिळावा म्हणून धडपडता, तिची मुळं तुमच्या गावात आहेत.

तेव्हा पाया इथे घालता येतो, नक्की येतो. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरणं चालू असतात. पण शास्त्रशुद्ध शिक्षण, मोठी उपकरणं आणि बरोबरीची माणसं हवी असतील तर एफटीआयआय किंवा कोलकात्याची सत्यजित राय संस्था यांचा विचार करा. तिथल्या सिनेमॅटोग्राफीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी लागते, म्हणून कॉलेज अर्धवट सोडू नका. शाखा कुठलीही चालते.

मला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मी हे सोडून देऊ का?

नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एफटीआयआयच्या प्रकरणात रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारण्याच्या विरोधात निकाल दिला. रंगाची पातळी स्कोपवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आलेखावर, वाचता येते आणि रंगसंस्कार करणारा माणूस जोडीला असतोच. उजेड-सावली तर रंगावर अवलंबूनच नाही.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात हे पुरुषांचं काम.

घरच्यांना सांगा, बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ सालीच तमिळ सिनेमात स्वतंत्र सिनेमॅटोग्राफर म्हणून काम सुरू केलं होतं. २०१७ पासून भारतीय स्त्री सिनेमॅटोग्राफरांचा स्वतःचा गट आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी फोकसचा हात सगळ्यात स्थिर होता तो एका मुलीचाच. पहिल्या शूटला आईला बरोबर घेऊन या. काम डोळ्यांनी बघितलं की बऱ्याच आयांची भीती जाते.

सेटवर काम कसं मिळवायचं?

कॅमेरा अटेंडंट म्हणून सुरुवात करा. पेट्या उचला, बॅटऱ्या चार्ज करा, लेन्स कुठल्या पेटीत कुठल्या खणात आहे हे झोपेत सांगता आलं पाहिजे. डीओपी (सेटवरचा मुख्य सिनेमॅटोग्राफर) मीटर काढतो तेव्हा तुम्हीही मनात आकडा धरा आणि मग त्याचा आकडा ऐका. महिन्याभरात फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. लाईटमन दादांशी नीट बोला, त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारू नका. कटर नेमका कुठे लावला की भिंतीवरची सावली जाते हे मला एका लाईटमन दादांनीच शिकवलं.

परवानगी लागते का?

फोनवर सराव करायला सहसा कुणी अडवत नाही. पण पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी तिवई आणि मोठा कॅमेरा न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. ड्रोन उडवण्याआधी नकाशा बघा, उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. माणसाचा चेहरा घेण्याआधी त्या माणसाला विचारा.

पावसाळ्यात काय करू, चार महिने तर उजेडच नसतो.

असतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो. ढगाळ आभाळ म्हणजे डोक्यावर ताणलेला मैलभर बटर पेपर. सावल्या मऊ, हिरवा गर्द, चेहरे शांत. फक्त आभाळ फ्रेममध्ये कमी घ्या, ते पांढरं जातं. पावसाचे थेंब दिसायला मागून उजेड आणि त्यामागे काळी भिंत हवी, हे गुऱ्हाळातलंच गणित.

काळजी लेन्सची घ्या. आपल्याकडच्या ओलीत भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स त्यात ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. कपाटात, कापडी बॅगेत, चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. बाहेरून भिजून आलात तर कॅमेरा पुसा, बॅटरी काढा आणि पंख्याखाली रात्रभर राहू द्या.